सात म्हणजे घरी

एका सांकेतिक भाषेत 'आई घरी आली' हे वाक्य ५२७ असे लिहितात, 'बाबा घरी गेले' हे ९७४ असे लिहितात आणि 'आई शेतात गेली' हे ६५१ असे. तर त्या भाषेत 'आली' या शब्दासाठी कोणता अंक वापरला असेल? पर्याय चार आहेत. वेळ सुमारे बहात्तर सेकंद.

पहिल्या दोन वाक्यांत 'घरी' समान आहे आणि अंकांत ७ समान आहे, म्हणून घरी म्हणजे सात. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात 'आई' समान, अंकांत ५ समान, म्हणून आई म्हणजे पाच. उरला दोन, तो 'आली'चा. अंक शब्दांच्याच क्रमाने येतील असे नाही, हे एकदा मुलांच्या ध्यानात आले की पुढचे सगळे सरळ असते.

हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शकातला नव्हे. आमच्या मुलीला पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव व्हावा म्हणून आम्हीच तो एका रविवारी तयार केला होता. आम्ही दोघेही तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाकडे भाषाविज्ञान आणि मध्ययुगीन वाङ्मय, दुसरीकडे काव्यशास्त्र आणि आधुनिक कविता, अशी साधारण वाटणी आहे. वाक्ये सोपी, घरगुती आणि मुलीच्या परिचयाची असावीत एवढेच आम्ही पाहिले. मुलीने ती दोनदा वाचली, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "हे बोलतंय कोण?"

आम्हाला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "आई घरी *आली* असं म्हणणारा माणूस घरातच असणार ना? आणि बाबा घरी *गेले* असं म्हणणारा घराच्या बाहेर असणार. मग दोन्ही वाक्यं कोण बोलतंय?"

आज हे लिहिताना आम्हाला लाज वाटते ती आमच्या उत्तराची. आमच्यापैकी एकजण, भाषाविज्ञान शिकवणारा, घड्याळाकडे बघत म्हणाला, "तुला त्याच्याशी काय करायचंय? तू 'आली'चा अंक सांग." दुसरीने काहीच म्हटले नाही. ती गालातल्या गालात हसली, आणि ते न बोलणेही उत्तरातच जमा झाले. मुलीने पेन्सिल उचलली आणि सांगितले, "दोन." उत्तर बरोबर होते.

*

शिष्यवृत्ती परीक्षेविषयी आमच्या वाचकांना फार सांगण्याची गरज नसावी; यातील बहुतेकांनी ती दिली असेल, बऱ्याच जणांनी दुसऱ्यांकडून ती घोकून घेतली असेल. आमच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली. मुलगी बसली त्या वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, दोन पेपर होते: पहिला प्रथम भाषा आणि गणित यांचा, दुसरा इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी यांचा. प्रत्येक पेपरात पंच्याहत्तर प्रश्न, दीडशे गुण आणि दीड तास. दुसऱ्या पेपरातले पन्नास प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात. वर ज्या बहात्तर सेकंदांचा उल्लेख केला तो या भागाकारातून येतो.

बुद्धिमत्ता चाचणीत 'सांकेतिक भाषा' हा एक घटक असतो. त्याचे प्रकार मोजके आहेत. अक्षरासाठी अक्षर, अक्षरासाठी अंक, आणि शब्दासाठी शब्द किंवा अंक. इंग्रजी वर्णमालेवरच्या प्रश्नांसाठी मुलांना 'ई, जे, ओ, टी, वाय' अशी माळ पाठ करवतात, कारण ही अक्षरे अनुक्रमे पाचवी, दहावी, पंधरावी, विसावी आणि पंचविसावी. एवढे खांब रोवले की मधली अक्षरे बोटावर मोजता येतात. उलट्या क्रमासाठी सत्तावीसचा मंत्र असतो: ए आणि झेड, बी आणि वाय, एम आणि एन, कोणतीही समोरासमोरची जोडी घ्या, क्रमांकांची बेरीज सत्तावीसच.

मराठी अक्षरांवरचे प्रश्न मात्र आम्हाला मनापासून आवडले. 'कमळ' हा शब्द 'खयक्ष' असा लिहिला तर 'गवत' कसा लिहाल? प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतले पुढचे अक्षर: ग चा घ, व चा श, त चा थ. उत्तर 'घशथ'. मुलीला हा शब्द इतका आवडला की काही दिवस घरातल्या भाजीलाही ती घशथ म्हणत होती. मग तिने स्वतःहून 'घर' लिहायला घेतले आणि ती अडली. घ च्या पुढे ङ येतो. र च्या पुढे ल. 'ङल'. "हे म्हणायचं कसं?" तिने विचारले. आम्ही तिला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग समजावून दिले. क पासून म पर्यंत येताना आवाज गळ्यापासून ओठांपर्यंत कसा येतो ते तिच्या तोंडापुढे आरसा धरून दाखवले. त्या संध्याकाळी अभ्यास असा झाला नाही, पण त्या सबंध वर्षातली ती आमची सर्वांत चांगली संध्याकाळ होती. गंमत अशी की आरशासमोर आम्ही तासभर घालवला तो त्या एका न उच्चारता येणाऱ्या घरापायी.

*

या परीक्षेला नावे ठेवणे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना सोपे आहे. तरीही आमच्यापैकी एकाला ते जमत नाही, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे.

तो वाढला तो दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी पहाटे मुलांना बोलावून घेत आणि ओसरीवर बसवून गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी करून घेत. त्याबद्दल त्यांनी कधी पैसा घेतला नाही. घरात छापील कागद म्हणजे पंचांग आणि खताच्या पोत्यावरची अक्षरे. शिष्यवृत्ती मिळाली, तिच्या रकमेपेक्षा तिच्या बातमीने काम केले: पोराला शिकवायचे, शेताला जुंपायचे नाही, हे घरात ठरले ते त्या निकालाच्या दिवशी. आज तो एखाद्या चर्चासत्रात कवितेतल्या अनेकार्थतेवर बोलतो, पण तिथवर त्याला पोहोचवले ते एकाच अचूक उत्तराच्या चार पर्यायी प्रश्नांनी, हे तो विसरू शकत नाही.

सांकेतिक भाषेचे प्रश्न त्याला पहिल्यापासून सोपे गेले. तो म्हणतो, याचे श्रेय गुरुजींच्या आधी आजोबांना. आजोबा त्याला बैलबाजारात नेत. तिथे सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि दलाल एकमेकांचे हात हातात घेत, वरून उपरणे टाकत, आणि त्या उपरण्याखाली बोटे दाबून भाव सांगितला जाई. त्याला हत्ता म्हणत. भोवती शंभर माणसे उभी, सगळे बघताहेत, आणि कुणालाच काही दिसत नाही. दिसतात ते फक्त दोन चेहरे. अर्थ झाकता येतो आणि झाकूनही पोहोचवता येतो, ही गोष्ट त्याला अक्षरओळखीच्या आसपासच कळली. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द पुढे एम. ए. ला भेटले तेव्हा ते ओळखीचे वाटले ते म्हणूनच.

दुसरीचा अनुभव अगदी निराळा. ती शहरातली, शिक्षकांच्या घरातली. चौथीला तिला शिष्यवृत्ती मिळणार हे गृहीत होते. ती मिळाली नाही. गटात न बसणारे पद ओळखायचे होते आणि तिला दोन पदे दोन वेगवेगळ्या कारणांनी गटाबाहेरची वाटली. तिने दोन्हींवर खूण केली. घरी आल्यावर वडिलांना ती दोन्ही कारणे सांगू लागली तेव्हा ते म्हणाले, "कारण विचारलं होतं का?" पुढे काव्यशास्त्र शिकवताना 'गंगेवर गवळीवाडा' या उदाहरणाशी ती दरवर्षी येते: शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर प्रवाहावर घर बांधता येत नाही, म्हणून लक्षणेने काठ घ्यायचा, आणि काठ न म्हणता गंगा म्हटल्यामुळे जे पावित्र्य आणि जो गारवा सुचतो ती व्यंजना. तिथे तिला दरवर्षी ते वाक्य आठवते. कारण विचारलं होतं का?

तेव्हा एकाला परीक्षेने उचलले होते आणि दुसरीला तिने बाहेर ठेवले होते. मुलीला बसवायचे की नाही यावर आमच्यात मतभेद झाला असेल असे कुणालाही वाटेल. तो झाला नाही. उपकृत आणि नाकारलेला, दोघेही आपल्या मुलाला त्याच दाराशी नेऊन उभे करतात.

*

दिवाळीनंतर सरावाला वेग आला. शनिवारी एक सराव प्रश्नपत्रिका, रविवारी एक. जानेवारीत आमच्या ध्यानात आले की शब्दांची सांकेतिक भाषा मुलगी आठ-दहा सेकंदांत सोडवते. आम्हाला आनंद झाला. कसे करतेस, म्हणून विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, "वाचायचं नसतं. वाचलं की वेळ जातो. कुठला शब्द दोनदा आलाय तेवढं बघायचं."

आम्ही दोघेही गप्प बसलो. वाचायचे नसते, हे मराठीच्या दोन प्राध्यापकांच्या घरात दहा वर्षांच्या मुलीने शोधून काढले होते, आणि ते खरे होते. तिच्या लेखी 'आई', 'घरी', 'शेतात' यांना आता आकार होता, अर्थ नव्हता. बोलतंय कोण, हा प्रश्न तिने नोव्हेंबरनंतर पुन्हा विचारला नव्हता.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ती जे करत होती त्याला आमच्या विषयात प्रतिष्ठा आहे. फर्दिनां द सोस्यूरच्या निधनानंतर १९१६ साली त्याची व्याख्याने ग्रंथरूपाने आली, त्यांतला मध्यवर्ती विचार हाच की चिन्हाचे मूल्य त्याच्या आत नसते, इतर चिन्हांशी असलेल्या नात्यांत आणि भेदांत असते. घरी म्हणजे सात, कारण दोन वाक्यांत तेवढेच समान आहे. सात आणि घर यांच्यात दुसरे कोणतेही नाते नाही. हे आम्ही पदव्युत्तर वर्गाला दोन तासिका घालून सांगतो आणि तरी अर्ध्या वर्गाच्या ते गळी उतरत नाही. पाचवीची मुले ते करून दाखवतात. अपरिचित लिपी वाचणाऱ्याचे पहिले पाऊलही हेच असते: पुन्हा पुन्हा काय येते ते पाहा. महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला 'लीळाचरित्रा'चे दार उघडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, राजवाडे आणि त्यांचे समकालीन यांनी या लिप्यांची किल्ली शोधल्यावर. एका अक्षरासाठी ठरावीक दुसरे चिन्ह, ही त्या लिप्यांमागची युक्ती 'घशथ'च्या जातीचीच आहे. मराठी गद्याचा आरंभ म्हणून आपण जो ग्रंथ शिकवतो तो एक सांकेतिक भाषेचा प्रश्न सुटल्याखेरीज आपल्या हाती आलाच नसता.

पण किल्ली सापडल्यावर काय झाले, हेही पाहिले पाहिजे. लिपी सुटली आणि वाचन सुरू झाले. कोण बोलतो आहे, कोणाला, कोणत्या प्रसंगी, ऐकणाऱ्याने त्याची आठवण कशी ठेवली, हे म्हाइंभटाच्या ग्रंथातले सगळे प्रश्न किल्लीनंतरचे. कोडे सुटले की संपते. ग्रंथ तिथून सुरू होतो. आम्ही घरात किल्लीपाशीच थांबलो होतो.

*

याच सुमारास महाविद्यालयात एक प्रसंग घडला. तृतीय वर्षाच्या वर्गात कूट अभंगांचा विषय होता आणि मुक्ताबाईच्या नावावर असलेला, आकाशात उडून सूर्याला गिळणाऱ्या मुंगीचा अभंग फळ्यावर होता. आम्ही विचारले, हे चित्र डोळ्यांसमोर आणल्यावर काय होते? वर्ग शांत. मग पुढच्या बाकावरची एक हुशार विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे अहंकार. बरोबर ना, मॅडम?" सगळ्यांनी वहीत लिहून घेतले. मुंगी बरोबर जीव, सूर्य बरोबर अहंकार. दोन्हींमध्ये बरोबरीचे चिन्ह होते, हे आम्ही वह्या तपासताना पाहिले.

त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला हे कुणी शिकवले? आम्हीच. 'कवितेतील प्रतीकांचा अर्थ स्पष्ट करा' असा प्रश्न आम्ही पंधरा वर्षे काढत आलो आहोत. पाऊस म्हणजे अमुक, काळोख म्हणजे तमुक, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य. घरी म्हणजे सात. संध्याकाळी जी सांकेतिक भाषा मुलीकडून घोकून घ्यायची तीच सकाळी वर्गात कवितेच्या नावाने शिकवायची, आणि परत समीक्षेत रसास्वाद हरवल्याची खंत करायची, असा आमचा दिनक्रम होता. मुंगी सूर्य गिळते तेव्हा वाचणाऱ्याला क्षणभर जे चक्रावून जायला होते तो त्या अभंगाचा अर्थच आहे. बरोबरीचे चिन्ह टाकले की सर्वांत आधी जाते ते हे चक्रावणे.

*

मग संकेत आणि काव्य यांचे वैरच आहे का? आपल्या परंपरेत तसे दिसत नाही, आणि मुलीसाठी शोधाशोध करताना आम्हालाच ते नव्याने कळले.

आर्यभटाचा ग्रंथ इसवी सन ४९९ चा. त्याने अंक अक्षरांत लिहिण्याची रीत सांगितली ती वर्णमालेच्या क्रमावर: क म्हणजे १, ख म्हणजे २, असे म पर्यंत २५, य म्हणजे ३०. स्वर लागला की त्याची पट बदलते: अ ला एक, इ ला शंभर, उ ला दहा हजार, ऋ ला दहा लाख. एका महायुगातल्या सूर्याच्या फेऱ्या त्याने 'ख्युघृ' एवढ्यात सांगितल्या. ख आणि य ना उ लागलेला, म्हणजे बत्तीस गुणिले दहा हजार, तीन लाख वीस हजार, घ ला ऋ, म्हणजे चाळीस लाख, एकूण ४३,२०,०००. मुलीने हे कागदावर करून पाहिले आणि दोनदा पडताळले. पण 'ख्युघृ'चा दुसरा काही अर्थ होत नाही. म्हणायलाही तो आमच्या 'ङल'चाच भाऊ.

कटपयादीने ही अडचण दूर केली. क पासून झ पर्यंत १ ते ९ आणि ञ ला शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९ आणि न ला शून्य. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. स्वरांच्या चिन्हांना किंमत नाही आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. कर्नाटक संगीतातल्या मेळकर्त्यांची नावे अशीच बांधलेली आहेत. 'धीरशंकराभरण' मधला ध ९ आणि र २, उलटे वाचून २९. तो एकोणतिसावा मेळ. आम्ही मुलीला म्हटले, 'भाषा' या शब्दाचा अंक काढ. भ चार, ष सहा. उलटे वाचून चौसष्ट. चौसष्ट कलांचा आकडा निघाला म्हणून आम्ही खूश. ती मात्र पुढे गेली. अर्ध्या तासाने वही घेऊन आली: "वाचा पण चौसष्ट. आणि भात. आणि वात. आणि घात."

आम्ही वहीकडे पाहत राहिलो. एका अंकाला इतके शब्द, आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे अंक सांगत नाही. तिथे रचणाऱ्याला मोकळीक आहे: चौसष्टच म्हणायचे आहे, पण भाषा म्हणून म्हणायचे की घात म्हणून? परीक्षेच्या सांकेतिक भाषेत शब्दापासून अंकाकडे जाण्याची एकच वाट असते आणि चालणाऱ्याने इकडेतिकडे पाहायचे नसते. इथे अंकापासून शब्दांकडे परतताना चार वाटा फुटतात. मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण आठवा. ओठ जुळवून उच्चारायची अक्षरे वर्ज्य, म्हणजे म वर्ज्य, म्हणजे रामायणात 'राम' हा शब्दच येऊ शकत नाही! काव्यशास्त्राने असल्या चित्रकाव्याला खालच्या पायरीवर बसवले आहे, मम्मटाने त्याला अवर म्हटले आहे, आणि आम्हीही तसेच शिकवत आलो. पण नाव न घेता रामाची कथा सांगायची तर रामाची किती रूपे नव्याने शोधावी लागत असतील, हा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. तो त्या 'भात' आणि 'घात' लिहिलेल्या वहीमुळे आला.

*

परीक्षा झाली. काही दिवसांनी अंतरिम उत्तरसूची आली. तीवर आक्षेप मागवले जातात आणि मग अंतिम सूची लागते. 'अंतरिम उत्तरसूची' हा शब्द आम्हाला फार आवडला. आमच्या विषयात दुसऱ्या प्रकारची उत्तरसूची असतच नाही. निकालात मुलगी पात्र ठरली, शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत तिचे नाव नव्हते. सांकेतिक भाषेचे प्रश्न तिचे सगळे बरोबर आले होते. ती थोडी रडली, मग सायकल घेऊन बाहेर गेली. आमच्या रडण्याला मात्र वाट नव्हती. एकाला वाटले, आपण गुरुजींसारखे शिकवू शकलो नाही. दुसरीला वाटले, आपण वडिलांसारखे वागलो.

यानंतर दोन वर्षांनी, ती सातवीत असताना, एका दुपारी जेवणाच्या टेबलावर तिची वही उघडी राहिली होती. पानावर कुठलीशी अगम्य मराठी होती. वर्गातल्या मैत्रिणीशी चाललेला तो पत्रव्यवहार असावा. लहान मुलींची च ची भाषा आम्हाला ठाऊक होती, 'मला भूक लागली'चे 'चलाम चूकभ चागलील' करणारी. पण हे ते नव्हते. पहिल्या ओळीवर नजर गेली: 'आईवा हांघू पखो.'

आम्ही सोडवायला बसलो नाही, हे खरे आहे. सोडवावे लागलेच नाही. वा चा ला, हां चा सां, घू चा गू. स्वर जागच्या जागी, व्यंजने एक घर पुढे सरकलेली. आईला सांगू नको. ज्या किल्लीने तिने दार लावून घेतले होते ती आम्हीच तिच्या हातात दिली होती, आणि ती विसरली होती की दुसरी प्रत आमच्याकडे आहे.

खाली आणखी आठ-नऊ ओळी होत्या. आमच्यापैकी दुसरी, जिला सांगायचे नव्हते ती, वहीजवळ उभी होती. काळजी आणि कुतूहल यांत फरक करणे त्या क्षणी आम्हाला शक्य नव्हते, आणि पालकांना तो सोयीनुसार करता येतो हेही माहीत होते. न वाचता पाहायचे कसे, हे आम्ही एकेकाळी मुलीला शिकवले होते. आता पाहूनही वाचायचे नाही, हे आम्हाला जमवायचे होते. एकाने वही मिटली. दुसरीने तिच्यावर मासिक ठेवले. मुलगी आल्यावर तिने वही उचलली, एकदा मासिकाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले आणि ती आत गेली. तिला कळले असावे. तिने किल्ली बदलली असेल तर बरेच झाले.

त्या रात्री जेवताना आम्ही तिला म्हटले, पाचवीत असताना तू एक प्रश्न विचारला होतास. आई घरी आली, बाबा घरी गेले. हे बोलतंय कोण? तेव्हा आम्ही उत्तर दिलं नव्हतं.

तिला तो प्रश्न आठवत नव्हता. वाक्ये पुन्हा सांगावी लागली. मग तिने घास हातात धरून विचार केला. पुष्कळ वेळ केला, बहात्तर सेकंदांहून नक्कीच अधिक. आमचे उत्तर तयार होते. दोन वाक्ये, दोन ठिकाणे, म्हणून बोलणारी माणसे दोन. एक घरातले, एक बाहेरचे. ते आम्ही सांगितले.

"नाही," ती म्हणाली, "माणूस एकच असू शकतो. आधी घरात होता. मग बाहेर गेला."

हे उत्तर आमच्या चार पर्यायांत नव्हते.